नाइटला ॲटकडे का दिली

मला इंग्रजी येतं, असा दहिवलीत एक समज आहे. त्याचं कारण एवढंच, की माझा जन्म भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या क्वार्टर्समधला. तिथे साहेब लोक राहायचे, म्हणजे तिथल्या मुलींना इंग्रजी येणारच, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात साहेब राहायचे वरच्या बंगल्यांत आणि आम्ही खालच्या कौलारू ओळीत. आमच्या ओळीत इंग्रजी होतं ते फक्त पाण्याच्या टाकीवरच्या पाटीवर, आणि त्या पाटीचाही अर्धा भाग गंजला होता.

तरीही मागच्या एप्रिलमध्ये एका सकाळी चिमा माझ्या दारात येऊन म्हणाली, "काकू, मला इंग्रजी शिकवा. आदीतवारपर्यंत."

चिमाला मी ती परकर नेसायची तेव्हापासून ओळखते. आईच्या मागून करवंदांची पाटी घेऊन यायची. माप आई घालायची, पण वर आणखी ओंजळभर टाकायची की नाही हे चिमा ठरवायची. आता ती पन्नाशीला आली. पळसदरीच्या धरणापलीकडे ईशानीचा बंगला आहे, शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने देतात, तो अकरा वर्षं चिमा सांभाळते. कमरेला चौदा चाव्यांचा जुडगा. तो काढून ठेवून चिमा कधी माझ्याकडे बसलेली मी पाहिली नाही.

"आज मंगळवार आहे गं," मी म्हटलं. "पाच दिवसांत इंग्रजी?"

"सगळं नको. परीक्षेपुरतं द्या." तिने पिशवीतून एक छापील कागद काढला. "आता बुकिंग मुंबईची कंपनी बघनार. कंपनी म्हनते, बंगला सांभाळनाऱ्या माणसाला पाहुण्यांशी इंग्रजीत बोलता यायला पायजे. वीस प्रश्न, चौदा बरोबर आले पायजेत. नाय आले, तर त्यांचा मानूस येनार. चाव्या त्याच्याकडं. मी फक्त झाडू मारायचा."

"ईशानी काय म्हणते?"

"ती म्हनते, मावशी, माझ्या हातात नाही." चिमाने जुडगा मुठीत धरला. "अकरा वर्सं माझ्या हातात हाय, आन तिच्या हातात नाय."

मी चष्मा लावून कागद पाहिला. साबण बाथरूममध्ये आहे, पाहुणे गेटपाशी आहेत, नाष्टा सकाळी मिळेल. वाक्यं तेवढीच, फक्त प्रत्येकात एक जागा रिकामी, आणि खाली निवडायला तीन शब्द. इन, ऑन, ॲट.

"सगळीकडं ह्येच तीन कारटे," चिमा म्हणाली. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षरं लावून वाचायची. "कोन कुठं बसतो ते काय कळत नाय."

ते मलाही सहावीत कळलं नव्हतं. मी इंग्रजीत नापास झाले तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डोक्याला हात लावला. पण त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, पदर खोचून बसली. आत्याला इंग्रजीचं अक्षर ठाऊक नव्हतं. तिने कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतल्या निम्म्या सोयरिकी जुळवल्या होत्या, एवढंच तिचं शिक्षण. तिने मला पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि मग निकाल दिला. साठ-बासष्ट वर्षांपूर्वीचा तो निकाल मी चिमाला जसाच्या तसा सांगितला.

"हे बघ, ही तीन घरं आहेत. इनचं घर चार भिंतींचं, वर छप्पर. ऑनचा नुसता ओटा, वर आभाळ. आणि ॲटचं घर म्हणजे नाका, माणूस तिथे भेटतो पण पाय पसरून बसत नाही. बाकीचे शब्द म्हणजे मुली. कोणती कुठे दिली, एवढं लक्षात ठेवायचं."

चिमाचे डोळे चमकले. तिच्या वाडीत कोणाची पणजी कुठून आणली हे तिला विचारा, ती भाजी निवडता निवडता सांगेल.

"आन मुलगी कोनती ते वळखायचं कसं?"

"रिकाम्या जागेच्या पुढे उभी असते ती नवरी. मागचे सगळे वऱ्हाडी."

"अस्सं सांगा ना मंग!"

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही चाळीसेक मुली उजवल्या. फ्रिज इनकडे, ड्रॉवर इनकडे. टेबल ऑनकडे. गेट, स्टेशन ॲटकडे. चिमा झरझर लक्षात ठेवत होती आणि मध्येच मान-पानही विचारत होती. सोमवार ते रविवार सातही जणी ऑनकडे दिल्या म्हटल्यावर ती थांबली.

"साती बहिनी एकाच घरात? मंग जेवन कोन करतं?"

"ज्या दिवशी जिचा वार असेल ती."

"हां, बरोबर." तिला ते पटलं.

गाडं अडकलं ते नाइटपाशी. मॉर्निंग, आफ्टरनून आणि ईव्हनिंग इनकडे, नाइट मात्र ॲटकडे.

"तिघी बहिनी चांगल्या छपराखाली, आन चौथी नाक्यावर?" चिमा कुजबुजली, जणू शेजारी ऐकतील. "का वो? काय खोड होती तिच्यात?"

हाच प्रश्न मी आत्याला विचारला होता. आत्या रागावून म्हणाली होती, मोठ्यांच्या सोयरिकीत पोरांनी तोंड घालू नये. तेच मी चिमाला सांगितलं.

"म्हंजे तुमाला ठावं नाय."

"नाही."

"आन शनवारी रात्री, ह्यात तर ऑन लिवलाय."

"सॅटर्डेबरोबर असली की ती ऑनकडे येते."

"दर शनवारी ॲटला टाकून? भांडन हाय त्यांचं," चिमाने ठरवून टाकलं.

होम तिला आवडली. घरी जा म्हणताना होमच्या आधी इन नाही, ऑन नाही, ॲट नाही. "हिला कुनीच नाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, जाताना ती एकटीच जाते. "बरं करते," चिमा म्हणाली.

खरा तंटा झाला तो बसवरून. कार इनकडे आणि बस ऑनकडे, हे तिच्या गळी उतरेना.

"यष्टीला छप्पर नाय का? मंग ती ओट्यावर कशी?"

"आमच्या लहानपणी माणसं टपावर बसायची. मुरबाडच्या गाडीला तर मी स्वतः पाहिलीत. टोपल्या, कोंबड्या आणि माणसं."

"आता बसतात?"

"नाही."

"मंग आता तरी तिला इनकडं धाडा!"

"लग्न झालं ना गं तिचं."

चिमाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने ती कच्चं करवंद पिकलेलं म्हणून विकणाऱ्या बाईकडे बघते. "रागवू नका काकू, पन तुमच्या आत्यानं घर न बघता दिली पोर. आमच्यात घर बघितल्याबिगर कोन देत नाय. माझ्या वनिताला देताना मी चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं फिरले. त्यांचा पाण्याचा हंडासुदा उचलून बघितला. मगच व्हय म्हटलं."

रविवारी चिमाने मलाही बरोबर नेलं. धीर द्यायला, असं ती म्हणाली, पण रिक्षात ती तीन घरं मीच पुटपुटत होते. ईशानी हसतमुख मुलगी, तिशी-बत्तिशीची. तिने दिवाणखान्यात एसी लावून दारं-खिडक्या बंद केल्या आणि चिमाच्या पुढ्यात टॅब ठेवला. वीस प्रश्न, अर्धा तास. बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल.

"सुचेताकाकू, तुम्ही काही सांगायचं नाही हं," ती मला म्हणाली.

"अजेय सर कुठं हायेत?" चिमाने विचारलं. अजेय म्हणजे ईशानीचा नवरा.

"धरणाकडे फिरायला गेलाय वाटतं. चल मावशी, सुरू कर."

सुरुवात झोकात झाली. चिमा ओठ हलवत वाक्य वाचायची, नवरी शोधायची आणि बोट टेकवायची. हिरवं, हिरवं, हिरवं. नवव्या प्रश्नाला वरून धपधप आवाज आला. ईशानीने छताकडे पाहिलं.

"वानर हाय," चिमा टॅबवरची नजर न काढता म्हणाली. "रोज येतंय."

मग काही लाल आले. एका प्रश्नात पाहुणे बसमधून येत होते. चिमाचं बोट ऑनवर गेलं, थबकलं, आणि तत्त्वाचा प्रश्न असल्यासारखं इनवर पडलं. लाल. मी कपाळाला हात लावला. वर पुन्हा धपधप झालं. "आज दोन दिसतायत," चिमा म्हणाली.

एकोणीस प्रश्न झाले तेव्हा तेरा हिरवे होते. उरला शेवटचा. आधी पाहुणे, मग रिकामी जागा, आणि तिच्या पुढे टेरेस.

"टेरेस म्हणजे गच्ची," ईशानीने सांगितलं. ती मनातून चिमाच्याच बाजूची होती.

चिमा माझ्याकडे वळली. "काकू, ही पोर आपल्याकडं आलीच नव्हती."

नव्हतीच आली. क्वार्टर्सच्या आमच्या ओळीला कौलं होती, गच्ची कुणाच्या पाहण्यात नव्हती, मग आत्या तिची सोयरीक कुठून जमवणार? शिवाय ईशानीने माझ्यापुढे बोट उभं धरलं होतं. टॅबवर चार मिनिटं राहिली होती.

चिमा उठली. टॅब काखेत मारला.

"मावशी, कुठे?"

"घर बघायला. न बघता मी कुनाला देत नाय."

ती जिन्याने वर निघाली, मागे ईशानी, आणि गुडघे धरत मी. गच्चीच्या दाराला महिन्यापूर्वी नवं कुलूप बसवलं होतं, फोनवरून उघडणारं.

"अगं, ते असं नाही उघडत," ईशानी म्हणाली. "त्याचं ॲप अजेयच्या फोनमध्ये आहे. तो आला की उघडू."

"ह्याला चावी बी हाय. कुलूप बसवनाऱ्यानं खोक्यात टाकून दिलेली. मी उचलून ठेवली." तिने जुडगा पुढे घेतला. मी मोजत आलेय तिच्या चाव्या वर्षानुवर्षं, ही पंधरावी होती.

दार उघडलं. समोर टाकीच्या वीतभर सावलीत, डोक्याला शर्ट गुंडाळून, अजेय बसला होता. चेहरा कोकमासारखा लाल.

"दीड तास!" तो ओरडला. "दीड तास मी पाय आपटतोय! रेंज बघायला वर आलो आणि वाऱ्याने दार लागलं. फोन बंद पडला. कोणी ऐकत कसं नाही?"

"ऐकलं ना," ईशानी पुटपुटली. "मावशी म्हणाली, वानर."

चिमाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती गच्चीच्या मधोमध उभी राहून चारी बाजू न्याहाळत होती.

"चारी अंगाला कठडा हाय," ती म्हणाली. "दार लागलं की बाहेर येता येत नाय. हे तर इनच्या घरचं लक्षन."

"पाणी," अजेय म्हणाला.

"थांबा सर, तुमचंच चाललंय. दोन मिनटं राहिलीत." तिने मान वर केली. माझीही मान वर गेली, ईशानीचीही, आणि काय चाललंय ते न कळून अजेयचीही. वर छप्पर नव्हतं. एक घार तेवढी फिरत होती.

"सर, दीड तास ऊन लागलं का सावली?"

"ऊन! दिसत नाही का?"

"मंग छप्पर नाय. ओटा हाय." तिने टॅब पुढे धरला, ऑनवर बोट टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

हिरवं झालं. चौदा.

ईशानीने टाळ्या वाजवल्या, मी चिमाच्या पाठीवर थाप मारली, आणि अजेयला कोणीतरी पाणी द्यायला हवं हे आम्हाला जरा उशिराच आठवलं. खाली येऊन तो तीन तांबे प्यायला. मग ईशानीला म्हणाला, "कंपनीचा माणूस असता तर खाली बसून ॲप शोधत राहिला असता. आणि माझा पापड झाला असता वर. चाव्या मावशीकडेच राहणार, असं कळव त्यांना."

"चौदा आलेत सर," चिमा मान ताठ करून म्हणाली. "तुमी नसता अडकला तरी राहनारच होत्या."

मग चहा झाला. ईशानीला राहवेना. ओटा काय, छप्पर काय, घर बघणं काय, हे सगळं तिला हवं होतं. इंग्रजी शाळेत शिकलेली ती मुलगी, पण असं का, हे तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. चिमाने खुर्ची पुढे ओढली आणि तीन घरांची हकिकत सुरू केली. माझ्यापेक्षा रंगवून सांगत होती. इनला तिने एक खाष्ट सासूही देऊन टाकली.

"पण मग नाइट?" ईशानीने विचारलं. "तिला एकटीला ॲटकडे का दिली?"

मी मान खाली घातली. आता आत्याचंच वाक्य पुन्हा म्हणावं लागणार होतं. पण प्रश्न मला नव्हता.

"तो ॲट पॉवर हाऊसला हाय," चिमा म्हणाली. "रातपाळी. झोपाळू पोर देऊन काय उपेग? रातची जागनारीच पायजे. काकूंची आई नव्हती का कंदील लावून बसायची, काकूंचे दादा पाळी संपवून येईस्तवर?"

हे मी तिला कधीतरी करवंदं घेताना सांगितलं असेल. पाळी पहाटे संपायची, आणि आमच्या ओळीत आमच्याच खिडकीत उजेड असायचा. दादांसाठी आईला शोधून आणली होती ती आत्याने. बासष्ट वर्षं मला वाटत होतं, आत्याला उत्तर येत नव्हतं म्हणून ती रागावली.

"आणि शनिवारी?" ईशानीने विचारलं. "शनिवारी ती ऑनकडे का जाते?"

"शनवारी त्याला सुट्टी," चिमा कप ठेवत म्हणाली. "मंग ती जरा ओट्यावर येऊन बसते."

आणि जुडगा वाजवत ती गच्चीचं दार लावायला वर गेली. जाताना तिने अजेय खालीच बसलाय ना, हे एकदा वळून पाहिलं.