मेणाची फळी

त्याला सगळे क्रेन म्हणत. घाटात पडलेले ट्रक ओढून काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि नावही तिथेच पडलं होतं. बायकोला सगळे मधमावशी म्हणत. तिच्या मधमाश्यांच्या पेट्या परसात रांगेने मांडलेल्या असत, आणि सकाळी घराभोवती असा गुंजारव असे, की जणू घरच काही गुणगुणत जागं होतंय.

या वर्षी क्रेन मोडली. मणका सरकला. डॉक्टरांनी बजावलं, भरल्या किटलीहून जड काही उचलायचं नाही.

"मग मी करू काय?" त्याने विचारलं.

"किटली उचला," मधमावशी म्हणाली. "चहा तुम्हीच करा आता."

हसण्यावारी नेलं खरं, पण घोर दोघांच्याही जिवाला होता. डोंगरावरचा माळ फुलायला आला होता. दरवर्षी तो फुलला की पेट्या जीपमध्ये घालून वर न्यायच्या, फुलोरा ओसरला की खाली आणायच्या. वरचा रस्ता कसला, चिखलाची नुसती घसरण. जीप तिथे हमखास रुतायची. मग क्रेन खाली उतरायचा, पाठ लावायचा, एक हुंकार द्यायचा आणि गाडी बाहेर. एकेक पेटी उचलून मांडायचं मधमावशीला काही वाटत नव्हतं. तिचं घोडं अडायचं ते जीपपाशी.

धाकट्या दिराने निरोप धाडला होता, 'या वर्षी पेट्या मी नेतो वर. पुढे माझ्याकडेच राहू देत. तुम्ही दोघं आता आराम करा.'

"आराम म्हणे!" ती फणकारली. "एकदा गेल्या की परत येतात थोड्याच! मी नेते. एकटी."

जीपची किल्ली कायम क्रेनच्या कमरपट्ट्याला असे. ती त्याने बोटांत खेळवली.

"ने," तो म्हणाला. "पण भरलेली जीप माझ्यासमोर एकटीने उचलून दाखव. जमलं तर किल्ली तुझी. नाही जमलं, तर पेट्या त्याच्या."

"ठरलं," ती म्हणाली.

म्हणून दोघं जॅक घ्यायला गेले.

दुकानदार गल्ल्यामागे पेंगत होता. क्रेनला बघताच सावरून बसला. "या क्रेनसाहेब! काय देऊ?"

"मला विचारा," मधमावशी म्हणाली. "उचलणार मी आहे."

दुकानदाराने आधी बाटलीसारखा बसका जॅक पुढे केला. अंगाने चिमुकला, ताकदीने राक्षस. तिने तो हातात तोलून बघितला. "ठेवायचा कुठे?"

"गाडीच्या पोटाखाली, अॅक्सलला."

"म्हणजे चिखलात मी आधी पालथी पडायचं, मग हा बसवायचा. आणि आमच्या जीपच्या उंच टांगांना हा पुरायचा तरी का? नको."

मग एक पिशवी आली. सायलेन्सरला नळी जोडायची, इंजिन चालू करायचं, की धुराने फुगून ती गाडी वर ढकलते. चिखलासाठी एकदम झकास, असं दुकानदार म्हणाला. क्रेनचे डोळे चमकले. तिने मात्र मान उडवली.

"माझ्या माश्यांच्या नाकाशी सायलेन्सरचा धूर? पेट्या बंद असताना? वर पोचेपर्यंत निम्म्या मरतील!"

शेवटी दोघं भिंतीला टेकलेल्या उभ्या जॅकांपाशी आले. जाड पोलादी पट्टी, तिला भोकंच भोकं. त्या पट्टीवरून माकडासारखा चढत जाणारा लोखंडी ओठ. दांडा खाली दाबला की ओठ एक भोक वर. क्रेनचा हात आपसूक सगळ्यात उंच जॅककडे गेला.

"हा घे. हा डोंगरही उचलेल."

तिने उचलून बघितला. जॅक तिच्या खांद्यावरून एकदा पुढे झुकला, एकदा मागे, आणि दुकानदार चटकन टेबलाआड झाला.

"तो बुटका द्या," ती म्हणाली. बुटका तिच्या खांद्यावर नीट बसला. दांडा खाली दाबताना तिचं सगळं वजन त्यावर येत होतं, टाचा उचलाव्या लागत नव्हत्या. "आमच्या बंपरला पुरेल ना?"

"पुरून उरेल," दुकानदार म्हणाला.

"पण मोठा तो मोठा," क्रेन पुटपुटला.

"अहो, तुमच्या उंचीचा घेतला, तर चालवायला तुम्हालाच यावं लागेल."

क्रेनने दुसरीकडे तोंड फिरवलं. त्याच्या मनात नेमकं तेच होतं, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. लग्न काही कालपरवा झालं नव्हतं.

अंगणात शिकवणी सुरू झाली. क्रेन खुर्चीत, पाठीशी उशी. जीपमध्ये विटा भरलेल्या, पेट्यांच्या वजनाला वजन म्हणून.

"आधी काय?"

"जॅक लावायचा."

"चुकलं! आधी चाकाला दगड. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर. मग जॅक. आणि दांडा हातातून सुटला तर काय होईल?"

"वर उडेल."

"तुझी हनुवटी कुठे असेल?"

तिने हनुवटी मागे घेतली. "इथे."

"अजून मागे. एका क्लिनरचे दात गेलेत त्यात. काम नसेल तेव्हा दांडा पट्टीला लावून उभा ठेवायचा. उतरवताना खटका फिरवला तरी दांडा सोडायचा नाही, तोलून धरायचा. आणि जॅकवरच्या गाडीखाली बोटही घालायचं नाही. ऐकतेस का?"

ती ऐकत होती, पण ओठ वेगळंच काहीतरी पुटपुटत होते.

"काय पुटपुटतेस?"

"तुमचे नियम चालीत बसवतेय. तुमच्या ओरडण्याने काही लक्षात राहत नाही."

चाकाआड धोंडा ठेव, गाडी ठेव गिअरात,
मग घे गं बाई माझे, लोखंडाला हातात.
दांड्याच्या गं वाटेमधे नाक हनुवटी नको,
उचललेल्या गाडीखाली डोकावून बघू नको.

"गाण्याने गाडी उचलते का कधी?" क्रेन म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी ती एक ओळ विसरली, तेव्हा खुर्चीतून त्यानेच ती पुरी केली. चालीसकट.

चिखलात जॅकचा पाय रुतू नये म्हणून खाली फळी लागते. ती फळी क्रेनने स्वतः केली. मोडीत निघालेल्या पेटीचा जाड तळ घेतला, कडा घासल्या, धरायला दोरीचा कान लावला. मग न सांगता दोन्ही बाजूंनी मेण चोळलं, आतपर्यंत मुरवलं. पाणी पिऊन फळी फुगू नये, तिच्या तळव्यात कुसळ जाऊ नये. सकाळच्या गारव्यात त्या फळीवर जॅक ठेवून मधमावशीने विटांची जीप उचलली. मागचं चाक जमिनीपासून सुटलं आणि हवेत हलकेच फिरलं.

क्रेनने कमरपट्ट्याची किल्ली सोडली. सोडताना जरा वेळ लागला.

"जपून," एवढंच म्हणाला.

झुंजुमुंजू झालं, तशी पेट्यांची दारं जाळ्यांनी बंद करून मधमावशी निघाली. माळाच्या अलीकडचं शेवटचं वळण आलं, तोवर ऊन चांगलंच चढलं होतं. आणि तिथेच उजवं मागचं चाक गप्पकन खचलं. वर माणूस नाही, फोनला रेंज नाही. मागे पेट्यांमधला आवाज चढत चालला होता. बंद पेटीत ऊन साठलं की माश्या आतल्या आत घुसमटतात, हे तिला सांगायला कुणी नको होतं.

चाकाआड धोंडा ठेव. ठेवला. गाडी गिअरात. फळी मागे पेट्यांशेजारी उन्हात पडली होती, ती चिखलावर मांडली, वर जॅक, ओठ बंपरखाली. दांडा दाबला. खट्. पुन्हा दाबला. खट्. चाक चिखलातून सुटायला लागलं, आणि एकाएकी जॅकचा पाय फळीवरून सर्रकन सरकला.

दांडा हातातून निसटला आणि सणकन वर उडाला. तिची हनुवटी तिथे नव्हती. जॅक आडवा झाला, जीप धपकन खाली बसली, आणि सगळ्या पेट्या एकसाथ रागावल्या.

तिने फळीवर हात ठेवला. बोटं चिकटली. नाकाशी नेली, तर घरचा वास. मेण उन्हाने पाझरलं होतं.

"अहो!" ती माळाला ऐकू जाईल अशी ओरडली. "काय ही तुमची माया! पार जिवावर बेतली असती की हो!"

फळी उलटवून बघितली. दुसऱ्या बाजूलाही मेण. क्रेनचं काम अर्धवट कधी नसायचंच. रडू येत होतं आणि हसूही, पण पेट्यांना दोन्हींसाठी थांबायला वेळ नव्हता. पाण्याने पुसून मेण जात नाही, खरवडत बसायला सवड नाही. मऊ मेणात तिचं बोट अजून रुतत होतं. रुतत होतं, तर मग दुसरं काही का रुतू नये?

तिने वाटेच्या कडेची बारीक, टोकदार खडी ओंजळीने आणली. फळीवर पसरली, दगडाने ठोकून मेणात बसवली. उलटवली, त्या बाजूलाही ठोकली. जीपमधलं पोतं भिजवून वर चौघडी करून घातलं. जॅक उभा केला, हाताने हलवून बघितला. जागचा हलेना.

खट्. थांबली, बघितलं. खट्. ओठांवर ओळी होत्या. चाक वर आलं, तशी तिने हात लांबच ठेवून काठीने खळग्यात दगड लोटले. दांडा तोलत गाडी उतरवली, जॅक बाजूला केला. मग चाकाआडचा धोंडा काढला, जीपमध्ये बसली, आणि जीप म्हाताऱ्या म्हशीसारखी अंग झाडत बाहेर आली.

माळावर पेट्या मांडून तिने जाळ्या काढल्या. आधी काहीच नाही. मग एक बाहेर आली, मग दहा, मग फुलांवर नुसता सोन्याचा धुरळा.

ती परतली तेव्हा क्रेन फाटकाशी उभा होता. कधीपासून, ते त्याच्या पायांना विचारावं. तो काही बोलण्याआधी त्याची नजर फळीवर गेली. त्याने हात फिरवला. खडी, मेण, पोत्याचे धागे. चेहरा पडला.

"सरकला?"

"सरकला."

"मेण मीच..."

"कळलं मला. दुसरं कोण लावणार?"

"लागलं कुठे? हनुवटी बघू."

"जागेवर आहे. धडे चांगले दिले होते तुम्ही." ती पायरीवर बसली. "आणि मेण नसतं, तर खडी धरली असती का त्या फळीने? धाकट्या भावोजींना कळवा, पेट्या वर पोचल्या. माझ्या."

तिने किल्ली पुढे केली. सवयीने क्रेनचा हात कमरपट्ट्याकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"राहू दे तुझ्याकडे. फुलोरा संपला की आणायच्यात ना पेट्या."

मग त्याने किटली भरून चुलीवर ठेवली, फळी घेऊन उन्हात बसला, आणि विरळ राहिलेल्या जागी एकेक खडा बोटाने दाबू लागला. दोरीच्या कानाजवळची कड मात्र गुळगुळीतच ठेवली. दाबता दाबता पुटपुटत होता. तिने कान दिला.

मेणावर खडी बसे, जॅक उभा घट्ट,
म्हाताऱ्याच्या मायेला गं पुरून उरे हट्ट.

"म्हातारी कुणाला म्हणता?" ती पायरीवरून ओरडली.

"ओळीत म्हातारा आहे," तो म्हणाला. "नीट ऐक."

आणि किटली उतू गेली.