खाचेपर्यंत आधण

“भरड फार बारीक नाही ना केलीस?” मामाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

“तू श्वास घे. बाकीचं मी बघते,” मामी अंगणातून म्हणाली.

नाकात प्राणवायूची नळी असलेल्या माणसाला शेगडीजवळ फिरकता येत नाही. त्यामुळे लुडविकमामा खिडकीत आणि आयडामामी शेगडीपाशी. हुकूम सोडायची त्याची खोड मात्र गेली नव्हती.

उंच डोंगरातल्या लेडव्हिलला मामा अडतीस वर्षं खाणीतले पंप दुरुस्त करायचा आणि घरी बिअर करायचा. मोड काढून वाळवलेल्या सातूची भरड गार पाण्यात भिजवायची आणि लाकडी डाव उभा धरून त्याच्यावरच्या खाचेपर्यंत आधणाचं पाणी ओतायचं. मापबीप काही नाही, पण बिअर कधी बिघडली नाही.

मग फुफ्फुसं बिघडली. डॉक्टर म्हणाले, डोंगर उतरा. मार्चमध्ये मीच त्या दोघांना माझ्या गाडीतून खाली प्युब्लोला आणलं. इथे मामाला जरा बरा श्वास येतो, पण पहिलीच बिअर सरबतासारखी गोड झाली. सातू तीच, डावही तोच. मामाने एक घोट घेतला आणि उरलेली टोमॅटोच्या झाडांना घातली.

“ते वरच राहिलं, आयडा,” तो म्हणाला. नंतर दोन महिने त्याने बिअरचं नाव काढलं नाही. गेल्या आठवड्यात मला फोन आला, “रविवारी ये आणि पातेलं घेऊन जा. उगाच जागा अडवतंय.” तो माणूस आवरायला लागला होता. मला ते ऐकवेना.

मी आले तर मामीने तेच पातेलं शेगडीवर चढवलेलं.

“एकदा करून बघते. बिघडली तर ने,” ती म्हणाली.

पाण्याला आधण आलं. मामीने गॅस बंद केला, झाकण काढलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरातला जुना फॅरनहाइट तापमापक आत सोडला.

“अगं, ओत की,” मामा ओरडला.

“थांब. हे दोनशे तीनवर आहे. वर आपल्याकडे पाणी एकशे त्र्याण्णवलाच उकळायचं; इथलं जास्त तापतं, म्हणूनच ती बिअर गोड झाली. तीस वर्षं वरच्या पाण्यात शाळेच्या पोरांसाठी राजमा शिजवलाय मी. शिजता शिजायचा नाही मेला.”

“मग सरळ नवी खाच पाड. पाणी कमी ओत.”

“खाचेला हात लावायचा नाही.”

भिजवलेली भरडसुद्धा तिने सकाळपासून फ्रीजमध्ये ठेवली होती, लेडव्हिलच्या नळाच्या पाण्याइतकी गार व्हावी म्हणून.

“किती झालं?” मामाने विचारलं.

“एकशे अठ्ठ्याण्णव.”

थोड्या वेळाने पुन्हा, “आता?”

“पंच्याण्णव. घाई करू नकोस.”

काही मिनिटांत पाणी लेडव्हिलला पोचलं. मामाला ते आता कधीच जमणार नव्हतं, आणि आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं. मामीने डाव उभा धरला, खाचेपर्यंत पाणी ओतलं, ढवळलं आणि तापमापक भरडीत खुपसला.

“एकशे बावन्न,” ती म्हणाली. “बिअरला हवं तेवढंच. बरोबर ना?”

मी मामाजवळ गेले तेव्हा नळी सरळ करण्याच्या निमित्ताने तो गाल पुसत होता.

“पातेलं राहू दे,” तो मला म्हणाला. “तिला लागेल.”