साच्यातलं नाक

बाझलमध्ये फासनाख्तचा उत्सव जवळ आला, की मुखवटे घालणाऱ्या प्रत्येक मंडळाचा अध्यक्ष कलेतला जाणकार होतो. अठरा वर्षं मी इथल्या कार्यशाळेत साच्यांमध्ये कागद चिकटवतेय. हात पाठीशी बांधून मान तिरकी करणारे पुष्कळ पाहिले. त्यात आमच्याकडून मुखवटे करून घेणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष ल्यूडिन साहेब दातांचे डॉक्टर, म्हणजे जन्मभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतःच बोललेले.

आमच्याकडे बाल्झ तीन महिन्यांच्या बोलीवर होता. त्याला स्किझोफ्रेनिया, क्लिनिकमधून थेट इथे आलेला. त्याला कायम करायचं की परत पाठवायचं, त्या कागदावर मालकीण ग्यूसिनबाई शुक्रवारी सही करणार होत्या. नेमके शुक्रवारीच साहेब उगवले.

"बाई, तुम्ही दयाळू आहात. पण नसलेलं बघणारा माणूस आमच्या चाळीस मुखवट्यांना हात लावणार? मंडळात चर्चा चाललीय."

मंडळ म्हणजे साहेब आणि त्यांची बायको.

बोलता बोलता त्यांची नजर समोरच्या भिंतीकडे गेली. "वा, एक तयार झाला की! काय नाक आहे. मी सरकलो की हासुद्धा मान वळवून बघतो."

तो प्लास्टरचा साचा होता, वाळत ठेवलेला. अध्यक्षांची चूक काढायची आमच्यात पद्धत नाही.

"काय रे," साहेबांनी बाल्झला विचारलं, "तुला काय दिसतं? बोलतो का तुझ्याशी?"

बाल्झने हाताची खळ पुसली. "साचा आहे तो. पोकळ. नाक आत गेलंय."

साहेबांनी बाईंकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि नाकावर टिचकी मारायला गेले. हात मनगटापर्यंत नाकात गेला.

मी कागद फाडण्यात फारच गुंतले.

"उजेड वाईट आहे तुमच्याकडे," साहेब म्हणाले.

"उजेडाचं काही नाही," बाल्झ म्हणाला. "लांबून सगळ्यांना तसंच दिसतं. चेहरा म्हटला की डोकंच त्याचं नाक बाहेर काढतं. माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं काढत नाही, क्लिनिकमध्ये सांगितलं होतं. आणि डाव्या नाकपुडीपाशी टवका उडालाय. प्रत्येक मुखवट्यावर चामखीळ येईल."

बाईंनी बोट घालून चाचपलं. टवका होता. गेल्या वर्षी चाळीसच्या चाळीस हनुवट्यांवर अशीच चामखीळ उठली होती. साच्यात आम्हा कुणालाच दिसली नव्हती, आणि साहेबांनी तिच्यावर भाषण ठोकलं होतं: किती बोचरा उपरोध म्हणून.

बाईंनी खणातून कागद काढला आणि उभ्या उभ्या सही केली. "सोमवारी सातला ये, बाल्झ. आधी तो टवका भर."

साहेब बाहीवरचं प्लास्टर झटकत होते. "चामखीळ राहू दिली तर?" त्यांनी हळूच विचारलं. "लोकांना आवडली होती हो."