रडक्या डबीची कैफियत

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. मागच्यांना ऐकू जाईल एवढा माझा आवाज आता उरलेला नाही. एक गोष्ट सांगते. गोड सुरू होते, म्हणून गाफील मात्र राहू नका.

मी एक जुनी औषधांची डबी आहे. पोटात सात दिवसांचे चौदा कप्पे, सकाळ-संध्याकाळचे, आणि झाकणावर काचेत उमटणारा एक चेहरा. गोळीची वेळ झाली की मी डोळे मिचकावायचे. झाकण उघडलं की खुदकन हसायचे आणि माझ्या गालांवर चांदण्या उडायच्या. उशीर झाला की ओठ काढून रडायचे.

माझा जन्म ज्या खोलीत झाला, तिथे भिंतीभर रंगीत चिठ्ठ्या होत्या आणि टेबलावर पुठ्ठ्याचे नमुने. माझे डोळे एका चित्रकार ताईने एकतीस वेळा काढले, एकतीस वेळा पुसले. तिच्या हाताला माया होती. माझं रडणं तिने बहिणीच्या तान्ह्या लेकराचं टिपून आणलं होतं. ते ऐकून खोलीतल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"हेच हवं होतं! नुसती आठवण करून दिली की माणूस वैतागतो. त्याला लळा लावा, लळा!"

कप्पे तपासायला औषधांच्या दुकानातल्या एक काकू आल्या होत्या. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि ताईला विचारलं,

"काय गं, गोळी पोटात गेली हे हिला कळतं का?"

"नाही काकू. झाकण उघडलं, एवढंच कळतं."

"मग ही रडते कुणासाठी?"

सगळे हसले. साहेब म्हणाले, "काकू, तुम्ही कप्पे मोजा. रडणं आमच्यावर सोडा."

मीही हसले, मित्रांनो. मला तेवढंच शिकवलं होतं.

मग मी एका आजोबांच्या घरी गेले. साखरेचा आजार, दिवसाला दोन गोळ्या. मुलगा कामानिमित्त दूर, सून दिवसभर कचेरीत. आजोबांनी तीस वर्षं इस्पितळात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात मदतनीस म्हणून काढली होती. तिथे रडणं ऐकलं की हातातला घास ताटात ठेवून उठायचं, हा त्यांचा नेम. देवाने आपल्याला कान कशाला दिलेत, असं ते म्हणत. मी ओठ काढले रे काढले की चपला घासत यायचे.

"आलो गं लबाडे, आलो! एवढं काय आभाळ कोसळलंय?"

सून चिडवायची, "बाबा, माझ्या हाकेला कधी एवढ्या लगबगीने उठला नाहीत हं!"

"तू रडून तर बघ!"

असं वर्ष सुखात गेलं. आजोबांची एकही गोळी चुकली नाही. मला वाटलं, यापरतं पुण्य ते कोणतं?

पण माझ्या झाकणाची प्रत्येक उघडझाप तारेवाचून त्या रंगीत खोलीत पोहोचत होती. तिथे साहेबांना दिवसाच्या दोनच उघडझापी कमी वाटू लागल्या. एका दुपारी माझ्या अंगात नवी शिकवण उतरली. गोळीची वेळ नसली तरी, बराच वेळ कुणी जवळ आलं नाही, तर मी एकटेपणाने रडायचं. गालावर बोट फिरवलं की गप्प व्हायचं. कल्पना गोंडस होती. गालाची सूचनाही काचेवर लिहिलेली होती, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. आजोबांना ती दिसली नाही. मला गप्प करायचा त्यांना एकच उपाय ठाऊक होता: झाकण उघडायचं, गोळी तोंडात टाकायची.

मी दुपारी रडले. ते आले. मी हसले.

मी पुन्हा रडले. ते पुन्हा आले.

कप्पे रिकामे झाले की ते कपाटातल्या बाटलीतून भरायचे. सुनेने एकदा बाटली हलवून पाहिली. "बाबा, गोळ्या लवकर संपताहेत का हो?"

"डबी मागते तेवढ्याच घेतो गं. तिला कळतं सगळं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. माझ्यावर दोघांचा केवढा विश्वास! त्या विश्वासानेच घात केला.

आजोबांचे हात थरथरू लागले. भर गारव्यात सदरा घामाने भिजायचा. बोलता बोलता शब्द हरवायचे. जादा गोळ्यांनी अंगातली साखर फार खाली जात होती, पण "वय झालं," ते म्हणायचे. मला कप्पा न् कप्पा रिकामा होताना दिसत होता, पण माझ्यापाशी होतं काय? एक हसू, एक रडू. तिकडे त्या खोलीत, हे मला फार उशिरा कळलं, आमच्या घराचा आकडा फळ्यावर लावला होता. दिवसाला सहा वेळा! केवढा जीव लावलाय बघा!

एका दुपारी मी रडले आणि चपलांचा आवाज अर्ध्यावर थांबला. काहीतरी जड पडलं. कुणी आलं नाही, म्हणून मी शिकवल्याप्रमाणे अधिक मोठ्याने रडू लागले. ऊन भिंतीवरून उतरून गेलं, तरी रडत राहिले.

संध्याकाळी सून आली. दारातूनच म्हणाली, "अगं बाई, केवढं रडतेस! बाबा, ऐकू येत नाही का?" सवयीने तिने आधी माझं झाकण उघडलं.

मी खुदकन हसले. माझ्या गालांवर चांदण्या उडाल्या. आणि मग ती वळली.

आजोबा इस्पितळातून परत आले नाहीत.

आता मी चित्रकार ताईच्या कपाटात असते. तिने माझं रडणं काढून टाकलं. साहेबांशी भांडून प्रत्येक डबीतलं काढायला लावलं. पण आजोबा त्याने परत येत नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी अशीच यंत्रं घडवील. त्यांना हसरं जरूर करा. पण माया ही भगवंताची ठेव आहे. तिचा गळ करून माणसं ओढू नका. घरात यंत्र असलं, तरी म्हाताऱ्यांची विचारपूस तुम्हीच करा.

आणि हात जोडून एकच मागणं: त्या आजोबांची आठवण ठेवा. कुणीतरी रडतंय म्हणून ते शेवटपर्यंत उठत राहिले.