दस्त्याचं माप

गीझर टक् करून बंद झाला आणि मी दचकून डोळे उघडले. दुपारची वेळ, माझी लेक राजनंदिनी आत झोपलेली, आणि मी हॉलच्या मधोमध वायपरचा दांडा खांद्याला लावून उभी. डोळे मिटून दांडा उचलायचा, गालाला टेकवायचा आणि डोळे उघडून बघायचं, नजर सरळ दांड्यावरून जातेय का. हातात बंदूक नसली की मी आणि माझा नवरा धनाजी असाच सराव करायचो.

"जाळी काढतीस का तित्तर मारतीस?"

दारात मामा उभे होते. मामा म्हणजे माझे सासरे, बाबासो. गाव साताऱ्याकडचं, आयुष्य एपीएमसीत कांद्याच्या गोण्या उचलण्यात गेलं. आता गुडघे धरलेत, म्हणून कोपरखैरण्याच्या या घरात आमच्यासोबत असतात.

"तबकडी फोडतेय, मामा."

"मग फुटली का?"

"ट्यूबलाइट वाचली."

ते हसले आणि पाणी पिऊन परत आत गेले. दिवसभरात घरात एवढंच बोलणं होतं. बाकी राजनंदिनी बोलते, पण तिला उत्तरं द्यावी लागतात, ते वेगळं.

मी आणि धनाजी कॉलेजात असताना एनसीसीच्या एका शिबिरात भेटलो. रायफल दोघांनाही जमायची, पण एकदा कोणीतरी आम्हाला पनवेलच्या पुढं एका रेंजवर नेलं. तिथं मातीच्या तबकड्या हवेत उडत होत्या आणि माणसं छऱ्याच्या बंदुकीनं त्या फोडत होती. तबकडी फुटली की तिचा काळा धूर होतो आणि तो पडायच्या आत दुसरी उडते. त्या दिवसापासून आम्ही दोघं क्लबच्या बंदुकीवर शिकलो. ती एकच होती, आळीपाळीनं मिळायची. ती त्याला आखूड व्हायची आणि मला लांब, त्यामुळं दोघांचेही नेम सारखेच चुकायचे. तेव्हाच ठरलं होतं, लग्नानंतर आपली स्वतःची घ्यायची. दोघांत एक.

मग राजनंदिनी झाली. मग धनाजी दोह्याला गेला, मोठ्या इमारतींचे एसी बघण्याच्या कामावर. गणपतीला येतो म्हणाला, मग दिवाळीला, मग उन्हाळ्यात. हल्ली तो कधी येणार हे सांगत नाही आणि मी विचारत नाही. फोन येतो. जेवलीस का, मामांचा गुडघा कसा आहे, नंदूला दे. नंदूशी, म्हणजे राजनंदिनीशी, बोलताना त्याचा आवाज तोच असतो, जुना. मी तो शेजारी बसून ऐकते.

लायसन्स माझ्या नावावर झालं, कारण अर्ज केला तेव्हा इथं मीच होते. आता बंदूक विकत घ्यायची मुदत संपत आली होती. मामांना मी सांगितलं तेव्हा त्यांना लहान मुलासारखा उत्साह आला. तरुणपणी गावाकडं दुसऱ्याच्या बंदुकीनं ससे, तित्तर मारलेले.

"आता शिकार बंद हाय, ठाऊक हाय मला. आता ससा दिसला तर रामराम घालायचा. पर बंदूक म्हंजी दोन नळ्या शेजारी शेजारी, आन् हलकी. दिवसभर बांधानं फिरायचं तर खांदा भरून येतो."

"मला फिरायचं नाही, मामा. एका जागी उभं राहायचं. हलकी बंदूक जास्त धक्का देते. मला एकावर एक नळ्यांची, जराशी जड हवी. एकच रेघ दिसते डोळ्याला."

त्यांनी विचार केला. "असंल बया. तुमचं पाखरू मातीचं." आणि मग, जरा थांबून, खिडकीकडं बघत, "पर धनाजीला बी खांद्याला बसंल अशी घे. दोघास्नी चालंल अशी."

आमच्या घरात सगळं असंच घेतलं जातं. हेल्मेट दोघांना होईल असं, रेनकोट दोघांना होईल असा. मी तो रेनकोट बाह्या दुमडून घालते. मामा मला काही वेगळं सांगत नव्हते. मीही हो म्हणाले, कारण माझ्याही मनात तेच होतं.

वाशीत एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर बंदुकांचं दुकान आहे. राजनंदिनीला सोबत न्यावंच लागलं. मालकीण निशिगंधा, माझ्यापेक्षा थोडी मोठी, कानात इअरफोन आणि हात सतत कामात. तिनं लायसन्स नीट वाचलं, मग हिरव्या कापडावर एक सेकंडहँड बंदूक ठेवली. उघडून दाखवली, दोन्ही नळ्या रिकाम्या. खांद्याला टेकतो तो अक्रोडाचा दस्ता, हाताळून हाताळून मऊ झालेला.

"उंच माणसाची होती," ती म्हणाली. "घेऊन बघा."

मी डोळे मिटले, उचलली. दस्ता काखेत अडकला. परत उचलली, जरा पुढं ढकलून. खांद्याला लागली, पण गाल पोचेना, मान ताणावी लागली. वजन मात्र छान होतं. नंदूला कडेवर घेऊन माझे हात आता जड वस्तूला घाबरत नाहीत.

"होईल," मी म्हणाले.

"काय होईल? मॅडम, तुम्ही जिराफासारख्या दिसताय."

स्टुलावर बसलेले मामा हसले. मग ते म्हणाले, "तिच्या नवऱ्याला बी पायजे ना वापराया. लायसनचं त्येचं बघू म्होरं."

"ते कधी येणार?"

मी दस्ता परत खांद्याला लावला. निशिगंधानं पट्टी काढून माझ्या गालाशी धरली, दस्त्यावर पेन्सिलीनं रेघ मारली. रेघेच्या पलीकडं बरंच लाकूड उरत होतं. "इथून कापला तर तुम्हाला अंगासारखा बसेल. पण विचार करून सांगा. मागून रबर लावून थोडं वाढवता येतं, एवढं नाही येत. मग ती तुमचीच बंदूक. असंच ठेवायचं तर तुम्ही नेम चुकत राहणार आणि गालावर निळा डाग घेऊन घरी जाणार. तुमची मर्जी."

मी बाहेर जिन्यात गेले आणि धनाजीला फोन लावला. त्यानं उशिरा उचलला. मागं कुठलंतरी मशीन घरघरत होतं.

"बंदूक बघतेय," मी म्हणाले. "दस्ता लांब आहे. तुला बरोबर होईल, मला नाही. कापायचा म्हणतात. मी म्हटलं नको कापायला. दोघांना होईल अशीच ठेवू ना?"

मशीन घरघरत राहिलं.

"धनू?"

"तुझ्या मापाची घे, श्रुती," तो म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. "तुझ्याच मापाची घे. ठेवतो, साइटवर आहे."

खाली भेळवाला कांदा चिरत होता, त्याच्याकडं बघत होते. मग आत आले.

"काय म्हनला?" मामांनी विचारलं.

"माझ्या मापाची घे म्हणाला."

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं. उठताना गुडघा धरला. "रिक्षा मिळती का बघतो," म्हणाले आणि निघून गेले. रिक्षा आत्ता लागणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"कापा," मी निशिगंधाला म्हणाले.

तिनं इअरफोन काढून ठेवले. दस्ता सोडवून, कापड गुंडाळून टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात धरला आणि बारीक दातांची करवत चालवली. लाकडाचा गोडसर वास आला. फार वेळ लागला नाही. मग तिनं कड घासली, दस्ता परत बसवून माझ्या हातात बंदूक दिली. मी डोळे मिटून उचलली. ती आपोआप खांद्यात आली, गालाशी टेकली, आणि डोळे उघडले तेव्हा नजर नळीवरून सरळ समोरच्या भिंतीपर्यंत गेली. इतकी वर्षं नेम धरत होते, असं एकदाही झालं नव्हतं. निशिगंधा म्हणाली, "बघा, आता कशा दिसता." मला हसू येईना.

राजनंदिनी खाली बसून भुसा गोळा करत होती. तिला तो कापलेला तुकडा सापडला. तिनं तो फ्रॉकला पुसला, दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, बाबा आले की हा परत कसा लावायचा?"