दार लावला होता

चौकशी आयोगाच्या कचेरीत तिला सगळे वेलांटी म्हणत. खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथेच राहिलं. दाताखाली खडा यावा तशी शुद्धलेखनाची चूक तिला खुपायची आणि दुसऱ्यानं टंकलेला कागद असला तरी ती सुधारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

शिवणकामाच्या एका कारखान्याला आग लागली होती. वरच्या मजल्यावर नऊ बायका गुदमरून मेल्या होत्या. त्याची चौकशी चालली होती आणि साक्षी उतरवून घ्यायला दोघं लघुलेखक होते, वेलांटी आणि निवृत्तीला टेकलेले नाना. साक्षीदार बोलायचे, हे दोघं वहीत भराभर लघुलिपीच्या रेघोट्या ओढायचे आणि दुसऱ्या दिवशी टंकून प्रत काढायचे. सगळं घोडं जिन्याच्या दारापाशी अडलं होतं. ते कुणी बाहेरून बंद केलं होतं, की आपोआप अडकलं होतं? मालकाच्या वकिलाचं एकच पालुपद, की दार उष्णतेनं फुगलं आणि लागलं.

नाना तरुणपणी पाद्री व्हायला निघाले होते. पाद्री काही झाले नाहीत, लॅटिन तेवढं उरलं. साक्षीदार चुकीचं बोलला तर चूक तशीच ठेवायची आणि पुढे कंसात 'सिक' घालायचं, हा नियम त्यांनीच तिला शिकवला होता.

"म्हणजे, आजारी कोण आहे?" तिनं विचारलं होतं.

"कुणी नाही. ते इंग्रजी, हे लॅटिन. सिक म्हणजे असं, बस. 'असं असं झालं' म्हणायला तोच शब्द, 'असं कर' म्हणायलाही तोच. कुणी विचारलं, जेवलास का, तरी उत्तर 'सिक'. म्हणजे हो. पुढे दोन-चार भाषांतला 'हो' त्यातूनच निघाला."

"मग आपण कशाला घालायचा?"

"चूक माझी नाही, माणूस असंच बोलला, हे सांगायला. काहीजण प्रामाणिकपणे घालतात, काहीजण समोरच्याची अब्रू काढायला. शब्द बिचारा तोच."

अब्रू कशी काढतात ते तिला आठवड्यातच दिसलं. मालकाच्या वकिलानं एका हमालाची साक्ष मोठ्यानं वाचली आणि दर वाक्यानंतर थांबून, ओठ मुडपून 'सिक' म्हटलं. दालनात हशा पिकला. हमाल आपल्या चपलांकडे बघत उभा राहिला. त्या दिवसापासून वेलांटी गरिबांची वाक्यं टंकता टंकता गुपचूप सरळ करू लागली. नानांच्या ते लक्षात आलं. "हात आवर," ते एकदा म्हणाले. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग इस्त्रीवाल्या बाईची साक्ष झाली. तळमजल्यावर इस्त्री करणारी ही बाई वाचली होती, तिची मुलगी वरच्या नऊजणींत गेली होती. बाई लांबून आलेली, मातृभाषा वेगळी. ती म्हणाली, "मी पळत वर गेली. दार लावला होता. मी हाक मारली. मुलगी आतून ओरडली."

दुसऱ्या दिवशी वेलांटीनं टंकलं, "मी धावत वर गेले. दार लागलं होतं. मी हाक मारली. मुलगी आतून ओरडली."

'लावला'चं 'लावलं' करायचं होतं. पण पंधरा दिवस कानावर वकिलाचं 'लागलं, लागलं' आदळत होतं, तेच बोटांतून उतरलं. प्रत बाईला वाचून दाखवली गेली. एवढासा फरक तिच्या कानाला कळण्यासारखा नव्हता. तिनं अंगठा उठवला.

चार महिन्यांनी अहवाल छापून आला. दुपारच्या सुट्टीत वेलांटी डबा बाजूला सारून तो चाळत होती आणि एका पानावर तिची नजर खिळली. 'मृत मुलीची आईदेखील दार लागलं होतं असेच सांगते, कुणी लावल्याचे म्हणत नाही. सबब हा अपघात होय.' तिनं कपाटातून वही काढली. रेघ स्वच्छ होती. लावला.

वही तिनं नानांपुढे धरली. नानांनी चष्मा लावून ती रेघ वाचली.

"सिक घातलं असतंस तर लोक हसले असते," ते म्हणाले. "पण दार लावलेलं राहिलं असतं."

घरी थोरल्या बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. आईवडिलांमागे तिनंच वेलांटीला वाढवलं होतं. "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे," आक्का म्हणाली. "गेलेल्या नऊजणी परत येणार आहेत का? आधीच आपल्या घरात कमावतं माणूस एकच."

वेलांटीनं दोन दिवस मूठ झाकून पाहिली. तिसऱ्या दिवशी तिनं सचिवांना अर्ज दिला.

"आयोग संपला, बाई," सचिव म्हणाले. "साक्षीदाराचा अंगठा आहे. ती वही तेवढी जमा करा."

जमा केलेल्या वह्या जाळून टाकतात, ते तिला ठाऊक होतं. ती वही घेऊन थेट नऊ कुटुंबांच्या वकीलबाईंकडे गेली. वकीलबाईंनी फेरचौकशीसाठी अर्ज केला आणि वेलांटी स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

मालकाच्या वकिलानं आवाजसुद्धा चढवला नाही. "साक्षी तुम्ही बदलत होता?"

"सुधारत होते."

"एकीचीच?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. बऱ्याच जणांची."

"मग तुमच्या हातून उतरलेल्या कुठल्याच कागदावर भरवसा का ठेवावा? या वहीवर तरी का?"

फेरचौकशीचा अर्ज फेटाळला गेला. इतकंच नाही, मालकाविरुद्ध जे काही थोडंफार उभं होतं, त्या हमालाच्या साक्षीसकट, तेही संशयास्पद ठरलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. नोकरी गेली. आक्कानं दुधाचा रतीब अर्ध्यावर आणला.

शेवटी ती इस्त्रीवाल्या बाईकडे गेली. बाई आता एका धोबीखान्यात कामाला होती. वाफेनं भिंती ओल्या होत्या. वेलांटीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

बाईनं इस्त्री उचलून कडेला ठेवली. "मुद्दाम केलंस?"

"नाही. तुम्हाला कुणी हसू नये म्हणून."

"हसले असते तर हसले असते. मी हसण्याला भ्यायला आली नव्हती तिथे." तिनं समोरच्या सदऱ्याची कॉलर दोन बोटांनी ताणून धरली. "मुलगी आतून काय ओरडली, ते कुणी विचारलाच नाही. साहेबानी नाही. वकिलानी पण नाही."

"काय ओरडली?" वेलांटीनं हळूच विचारलं.

बाईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखादा डाग निघेल की नाही हे जोखावं तसं.

"तुला नाही सांगणार," ती म्हणाली आणि तिनं इस्त्री उचलली.