काचेपलीकडचं बोट

माझी मावशी जन्मभर सरकारी रेडिओवर गायली. मुलीनं चारचौघांत गायचं म्हटल्यावर आजोबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. पण रेडिओकडून आलेल्या पत्रावरचा सरकारी शिक्का पाहिला आणि ते गप्पच झाले. एरवी सरकारला नावं ठेवायला मला कारण लागत नाही, पण हे उपकार मी विसरत नाही.

अडचण एकच, रेडिओवर गाण्याला नऊच मिनिटं मिळायची. पुढे बातम्या, मग तुम्ही कितीही रंगात या. शेवटचं मिनिट उरलं की काचेपलीकडचे ध्वनिमुद्रक, म्हणजे आमच्या घरचे ‘काचवाले काका’, एक बोट वर करायचे. मावशी गाणं आवरतं घ्यायची.

आता म्हातारपणी सरकारलाच तिची आठवण झाली. मोठं सभागृह, तिचा एकटीचा कार्यक्रम, वेळेचं बंधन नाही! महिनाभर तालीम केली. पेटीवर मी. रोज आठ मिनिटं झाली की त्याच जागी तिचं गाणं आपोआप उतरणीला लागायचं.

"थांबलीस का गं?" मी चिडायची.

"मी कुठं थांबले? गाणंच संपलं." मग एकदा तिला रडूच आलं. "एक तरी गाणं पोटभर गाऊन मरू दे गं मला!"

कार्यक्रमाला काका पहिल्या रांगेत होते. कधीच निवृत्त झालेले, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मावशीचा आवाज सुरेख लागला. पण ती जागा जवळ आली आणि सूर झुकायला लागला. मी पेटीवर सूर नेटानं धरून ठेवला. तेवढ्यात काकांचं बोट वर गेलं.

जित्याची खोड! मला त्यांचा असा राग आला की पेटी सोडून उठावंसं वाटलं.

काकांना स्वतःलाही ते कळलं नव्हतं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, दचकले, दुसऱ्या हातानं ते खाली ओढलं आणि हात चक्क मांडीखाली दाबून बसले, मास्तर ओरडलेल्या पोरासारखे. मावशीनं ते पाहिलं. गाता गाता तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तिनं वरचा सूर घेतला. तिच्या तोंडून तो मी कधी ऐकलाच नव्हता.

मग बाई थांबेचना. माझ्या बोटांना मुंग्या आल्या, पण मला कोण आनंद झाला होता! गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काका तेवढे बसून होते. डोळे घळाघळा वाहत होते, पण हात त्यांनी टाळ्यांसाठीसुद्धा बाहेर काढला नाही.